सहावं निशाण

माय पहिल्या दिवसापासून सांगत होती, आपल्या विहिरीवर बांबू रोवू नको. मच्छिंद्रदादा ऐकेल तर शपथ. भूमला वायरमन म्हणून नोकरीला लागल्यापासून त्याला वाटायचं, जगातली निम्मी भांडणं माणसांना नीट दिसत नाही म्हणून होतात आणि उरलेली निम्मी लाईट नसल्यामुळं. मी त्याची धाकटी बहीण, सरू. मला लोहाऱ्याकडं दिलेली, पण त्या वर्षी नवरा ऊसतोडीला गेला आणि सासरच्या गावात प्यायलाही पाणी राहिलं नाही, म्हणून लेकरू घेऊन माहेरी आले होते. त्यामुळं जे झालं ते सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. ज्यांनी ते बघूनही न बघितल्यासारखं केलं, त्यांचा मला अजून राग येतो.

आमचं गाव कुसळवाडी. शहाऐंशी-सत्त्याऐंशीची गोष्ट, पावसानं ओळीनं तिसऱ्या साली पाठ फिरवली होती. पाझर तलावाच्या खाली ओढ्याच्या कडेनं पाच विहिरी होत्या, सगळ्या गावातल्या शेतकऱ्यांच्या आणि पाचांवर मोटारी. ओढ्याच्या पलीकडं, आमच्या बौद्धवाड्याच्या मागं, सहावी विहीर. ती आमची. बहात्तरच्या दुष्काळात आमची माणसं दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी येऊन ती विहीर खोदायची. सुरुंगाचा दगड लागून माझा बाप तिथंच जायबंदी झाला, पुढं त्यातच गेला. आमच्या वाड्याला दुसरं पाणी नव्हतं. गावातल्या विहिरींवर येऊ नका असं आम्हांला कुणी तोंडानं म्हणत नव्हतं. म्हणायची कधी वेळच आली नाही, कारण आम्ही जात नव्हतो.

त्या पाच विहिरींची मिळून एक सहकारी पाणी सोसायटी होती. सहकार पाटीवर. लाईट आली की पाचही मोटारी एकदम सुरू व्हायच्या, कारण आपण थांबलो तर शेजारचा आपलं पाणी ओढून नेईल, ही प्रत्येकाला धास्ती. जमिनीखाली झरे एकमेकांत गुंतलेले. एकाची मोटार चालली की दुसऱ्याची विहीर उतरते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणाची किती उतरली हे कुणालाच दिसत नव्हतं. पाळ्या ठरायच्या आणि दुसऱ्याच दिवशी मोडायच्या. व्यंकटराव म्हणायचे, कोंडाबाई चोरून मोटार चालवते. कोंडाबाई म्हणायची, माझा दीर तोंड उघडतो तेच खोटं बोलायला. ही दोघं दीर-भावजय, बांधावरून कोर्टात गेलेली. चेअरमन बब्रुवानराव मधे बसून पान जमवायचे आणि शेवटी म्हणायचे, "बघू की पुढच्या मिटिंगीत."

दादानं यावर इलाज शोधला तो अगदी साधा होता. डालड्याच्या रिकाम्या डब्यात थोडी वाळू भरून तोंड डाग देऊन बंद करायचं आणि डबा विहिरीत तरंगत सोडायचा. डब्याला दोर. विहिरीच्या काठावर उंच बांबू, बांबूच्या शेंड्याला कप्पी. दोर कप्पीवरून बाहेर घ्यायचा आणि त्या टोकाला कापडाचं निशाण बांधायचं. पाणी खाली गेलं की डबा खाली जाणार आणि निशाण वर चढणार. पाणी वाढलं की निशाण खाली येणार. मारुतीच्या पारावर उभं राहिलं की पाचही निशाणं एका नजरेत. कुणी कुणाला विचारायला नको, कुणी कुणाला सांगायला नको.

कापडाच्या रंगावरूनच आधी रामायण झालं. भगवं लावा म्हणाले काही जण. दादानं मुंडी खाली घालून विचारलं, मग निळं का नको? हिरवं म्हटलं तर आणखी कुणाची तरी कपाळावर आठी. शेवटी युरियाच्या गोणीचं पांढरं कापड ठरलं, त्यावर खताच्या कंपनीचं अर्धं नाव तसंच राहिलं आणि सगळ्यांची तोंडं गप्प झाली.

प्रत्येक बांबूवर वरच्या अंगाला दादानं लाल पट्टा मारला. नियम दोन. निशाण लाल पट्ट्याला लागलं की त्या विहिरीची मोटार बंद. आणि ज्याची मोटार बंद झाली त्याच्या घरच्यांनी सगळ्यात खाली निशाण असलेल्या विहिरीवरून पाणी न्यायचं, त्या विहिरीच्या मालकानं अडवायचं नाही. चावडीवर सगळ्यांनी हात वर करून हे मान्य केलं.

आणि काय सांगू, जमलं! पहिले आठ-दहा दिवस माणसं पारावर बसून निशाणांकडं क्रिकेटची मॅच बघितल्यासारखी बघत होती. व्यंकटरावांनी मोटार सुरू केली की कोंडाबाईचं निशाण हळूहळू चढायला लागायचं, ते गावाला दिसायचं, आणि कुणीतरी पारावरूनच हाक मारायचं, "ओ व्यंकटराव, बास आता!" व्यंकटराव शिव्या घालत बटण बंद करायचे. कोंडाबाईचं निशाण लाल पट्ट्याला लागलं त्या दिवशी ती घागर घेऊन दिराच्या विहिरीवर गेली. कैक वर्षांनी गेली. दिरानं तोंड फिरवलं, पण घागर भरू दिली. चेअरमन लोकांना सांगत सुटले, आमच्या गावानं यंत्र काढलंय. ते यंत्र कुणी काढलं हे सांगायचं त्यांच्याकडून राहून जायचं.

दादा मात्र हवेत होता. घरी आला की भाकरी खाता खाता हातानं निशाणं चढवून-उतरवून दाखवायचा. आणि मग एके दिवशी त्यानं तो विषय काढला.

"माय, आपल्या विहिरीवर बी बांबू लावतो. म्हंजे आपण बी सोसायटीत आलो."

मायनं भाकरी थापताना हात थांबवला नाही. "कशाला?"

"आपली विहीर आटली तर काय करशील? उन्हाळा अजून लई बाकी हाय. सोसायटीत असलो तर हक्कानं त्येंच्या विहिरीवर जाता यील. नियमच हाय तसा."

"मच्छिंद्रा, आजवर आपल्या विहिरीत किती पाणी हाय ते कुणी इचारलं न्हाय. मोजायला आले की न्यायला बी येत्यात."

"तू बी ना माय! सगळ्यांच्या विहिरी दिसत्यात, आपलीच झाकून ठिवली तर आपल्याला कोण खरं म्हणंल?"

"मला कुणी खरं म्हणाया नको. मला पाणी पायजे."

मी दादाच्या बाजूनं बोलले, खोटं कशाला सांगू. मला त्याचं म्हणणं पटलं होतं. ओढ्याच्या अलीकडं गावाचं आणि पलीकडं आमचं, असं किती दिवस चालायचं? मायनं तव्यावरची भाकरी उलटली, ती करपली होती.

सोसायटीच्या मिटिंगमध्ये दादाला वाटलं होतं खूप वाद घालावा लागेल. त्यानं तयारीही केली होती. पण बब्रुवानराव पान चघळत म्हणाले, "बसव की. त्यात काय!" दादा घरी आला तो लग्न ठरल्यासारखा. मी चहा केला. माय विहिरीवर गेली होती, ती उशिरा आली.

सहावा बांबू उभा राहिला त्या सकाळी पारावर ही गर्दी. आमचं निशाण सगळ्यांत खाली होतं, बांबूच्या पार बुडाशी. खालीच असणार, आमच्याकडं मोटार कुठं होती? आमच्या बायका शेंदून पाणी काढायच्या, लागेल तेवढंच. धुणं ओढ्यातल्या डबक्यात आणि भांडी राखेनं. गावातली माणसं त्या खाली लोंबणाऱ्या पांढऱ्या कापडाकडं बघत राहिली. कुणी हसलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. मला त्यांच्या त्या बघण्याचीच भीती वाटली.

चार दिवसांत चावडीवर सभा लागली. चेअरमननी गोड आवाजात सुरुवात केली. पाची विहिरींना विसावा द्यायला हवा. सहा विहिरी आता एकच झाल्यात, मच्छिंद्रनंच तसं मांडलंय. निशाण जिथं खाली तिथून पाणी घ्यायचं, हा त्याचाच नियम. तेव्हा ओढ्यापलीकडच्या विहिरीवर सोसायटीची मोटार बसवू, पाईपानं पाणी मारुतीच्या मागच्या हौदात आणू, तिथून सगळं गाव भरेल.

आम्ही वाड्यातली माणसं चावडीच्या बाहेर उभी होतो. ज्ञानोबा म्हणून आमच्यातले वयस्क होते, त्यांनी दादाकडं असं पाहिलं की मी नजर खाली घातली. दादा उभा राहिला. त्याला नाही म्हणता येत नव्हतं, कारण त्याचाच नियम त्याच्या गळ्यात आला होता. तरी तो बोलला, आणि चांगलं बोलला.

"न्या पाणी, चेअरमनसाहेब. पर नियम सगळा पाळायचा. आमचं निशाण लाल पट्ट्याला लागलं की मोटार बंद. आन मंग आमच्या बाया तुमच्या विहिरीवर येतील, घागरी घिऊन."

व्यंकटरावांनी खोकून घेतलं. कोंडाबाई दारात बसली होती, ती म्हणाली, "नियम तर हायच की तसा. म्या न्हाय का दिराकडं गेले?"

"नियम सगळ्यांला सारखा," बब्रुवानराव म्हणाले आणि त्यांनी हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांनी वर केला.

मोटार दादानंच बसवली. दुसरं कोण बसवणार? पाईप ओढ्यावरून गेला, हौद भरला, गावातल्या बायका हंडे घेऊन धावल्या. आमच्या विहिरीचं पाणी आमच्या हातानं दिलं असतं तर ज्यांनी घेतलं नसतं, ती माणसं नळाखाली ओंजळ धरून पीत होती. पाईपातून आलं की पाणी कुणाला बाटवत नाही, हे नवीनच कळलं. मारुतीच्या पूजेलासुद्धा तेच गेलं. मी मायला हे हसून सांगायला गेले, तर ती म्हणाली, "प्यावं की. पाणीच हाय. पर पुरवून प्यावं."

पुरवून कोण पितं? आमचं निशाण रोज चढत होतं. सकाळी उठलं की मी आधी तिकडं बघायचे. बाकीची पाच निशाणं खाली उतरत होती, त्या विहिरी आरामात भरत होत्या. आमच्या बायकांना दोराला दोर जोडावा लागला. वाड्यातल्या माणसांनी दादाशी बोलणं सोडलं. एकदा ज्ञानोबा दारात येऊन म्हणाले, "लेका, गावाचा वायरमन झालास. वाड्याचा कधी व्हणार?" दादा जेवता जेवता उठून गेला. मलाही त्याचा राग आला होता, पण त्याचं ताट तसंच पडलेलं बघून रडू आलं.

मग एका दुपारी निशाण लाल पट्ट्याला लागलं. दादानं ड्यूटीवरून येऊन स्वतः मोटारीचे फ्यूज काढले आणि चेअरमनच्या ओसरीवर नेऊन ठेवले. "उद्यापासून आमच्या बाया येतील," तो म्हणाला. बब्रुवानराव म्हणाले, "येऊ द्या की." दादानं हे घरी येऊन दोनदा सांगितलं. त्या संध्याकाळी चेअरमनचं निशाण सगळ्यांत खाली होतं, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आमच्या बायकांनी घागरी चिंचेनं घासल्या. गावच्या विहिरीवर आयुष्यात पहिल्यांदा जायचं, तर घागर तरी चकचकीत असावी, असं प्रत्येकीला वाटत होतं. त्या घासलेल्या घागरी आठवल्या की मला अजून कसंतरी होतं.

सकाळी अंगणात आले आणि पाहिलं. पाचही निशाणं लाल पट्ट्याला लागली होती. पाची विहिरी एका रात्रीत आटल्या होत्या.

दादा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "डबा अडकला असंल."

"पाचीच्या पाची?" माय मागून म्हणाली.

"कप्पी जाम झाली असंल. गंज धरतो कप्पीला..."

मी आयुष्यात माझ्या भावाला एवढं लहान झालेलं पाहिलं नव्हतं. चारचौघांत सांगायचा, माणूस खोटं बोलेल पण दोर खोटं बोलणार नाही. आता त्याच दोरासाठी तो सबबी शोधत होता. त्या पाच घरांनी हे एकमेकांशी बोलून केलं की न बोलता, मला आजतागायत कळलेलं नाही. साध्या पाळीवर एकमत व्हायला ज्यांना सालं पुरली नाहीत, त्यांचं यावर एका रात्रीत झालं. कोंडाबाईचं निशाणसुद्धा वर होतं.

"म्या भूमला जातो," दादा म्हणाला. "तहसीलदाराला सांगतो. अर्ज देतो."

"जा मंग. तवर लेकरं काय पितील?" मायनं घागर उचलली, दोर खांद्यावर टाकला. "सरे, चल."

आम्ही दोघी निघालो. ओढा ओलांडताना मागं वळून पाहिलं तर वाड्यातल्या बायका दारादारात उभ्या होत्या, घासलेल्या घागरी कडेवर घेऊन. एकही पुढं येत नव्हती. दादा मात्र मागून आला, चपला हातात घेऊन, पळतच.

चेअरमनची विहीर गावाच्या तोंडाशीच, पारावरून हाकेच्या अंतरावर. आम्हांला येताना बघून पारावरची माणसं उठून उभी राहिली. विहिरीच्या काठावर द्वारकाबाई, चेअरमनची बायको, ओली घागर घेऊन उभी होती. आम्हांला बघताच ती घागर तिनं पदराआड घेतली. एवढी मोठी घागर पदराआड कशी मावणार! बब्रुवानराव ओसरीवरून आले.

"भिमाबाय, निशाण बघितलं न्हाय का? पाणी खाली गेलंय. आमचेच वांधे झाल्यात."

"बघितलं की," माय म्हणाली. "म्हणून तर घागर टाकून बघाया आले."

"उगं कशाला दोर झिजवता?"

"दोर माझाच हाय."

ती काठावर चढली. ज्या दगडावर ती उभी राहिली, त्यावर आमच्यातलं कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. तिनं फास घागरीच्या गळ्यात घातला आणि दोर सोडला. मी मनात म्हणत होते, लवकर, लवकर. फार सोडावाच लागला नाही. बुडूक असा आवाज आला, भरल्या विहिरीत येतो तसा, जाड आणि जवळचा. तो पारापर्यंत ऐकू गेला.

मायनं घागर ओढून वर घेतली, काठावर ठेवली. पाणी काठोकाठ होतं, थोडं सांडलं. मग ती दादाकडं वळली.

दादा बांबूपाशी उभा होता. मीही बघितलं. निशाण वर ओढून त्याचा दोर लाल पट्ट्याखाली बांबूला गुंडाळला होता आणि त्याला गाठ मारली होती. दादाचे हात बाजूला लोंबत होते. त्याला याच गावात खांबावर चढायचं होतं, याच ओसऱ्यांवरून जायचं होतं. बब्रुवानराव त्याच्याकडं बघून हळूच म्हणाले, "मच्छिंद्र, आपण बसून बोलू. गावाची गोष्ट हाय."

"सोड ती गाठ," माय म्हणाली. "ह्ये तुझं काम हाय, माझं न्हाय."

दादा बांबूवर चढला, खांबावर चढतो तसा. गाठ पक्की होती, त्याला दातानं ओढावी लागली. सुटली तशी कप्पी कुरकुरली आणि निशाण सर्रकन खाली आलं. पार खाली, जिथं आदल्या संध्याकाळी होतं तिथं येऊन थांबलं आणि थोडा वेळ हलत राहिलं. पारावरच्या सगळ्यांनी ते पाहिलं. द्वारकाबाईनं पदर तोंडाला लावला. चेअरमन विहिरीकडं नाही, दादाकडं नाही, आपल्याच जोड्यांकडं बघत होते.

दादा खाली उतरला. त्याच्या तोंडाला सुतळीचा धागा चिकटला होता. तो रडत होता की काय ते मी नीट पाहिलं नाही, मला पाहवलं नाही.

मायनं भरलेली घागर माझ्या डोक्यावर चढवली. खाली चुंबळ ठेवायचीच ती विसरली होती. तोवर मला वाटत होतं ती भ्यालीच नाही. तिनं दोर गोळा करून परत खांद्यावर टाकला आणि ओढ्याच्या कडेनं नजर टाकली. बाकीची चार निशाणं तशीच वर होती.

"पुढची विहीर कुणाची?" तिनं विचारलं.

"व्यंकटरावाची," मी म्हणाले.

"चल मंग," ती म्हणाली, आणि दादा आमच्या पुढं चालायला लागला.